एकतीस किलोची छकडी

"लाकूड कमी लागलं, मग पैसे जास्त कशाचे?"

शंकरपटावरची, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीवरची, बंदी उठल्यापासून हा प्रश्न जळबा सुताराला प्रत्येक गिऱ्हाइकानं विचारला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. विचारणारे काही वेडे नव्हते. चांगली जमीन असलेली, चार माणसांत मान असलेली मंडळी. सोयाबीन विकताना ओलावा अर्धा टक्का इकडचा तिकडे दाखवला तर आडत्याच्या उरावर बसणारी. पण छकडी समोर आली की यांची अक्कल काट्यावर चढायची आणि किलोत बोलायला लागायची. जड ते महाग, हलकं ते स्वस्त. मग जळबा हातातला रंधा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "तुमी एक काम करा. म्हशीची गव्हाण घेऊन जा. लई लाकूड हाये तिच्यात."

निम्मे लोक तिथूनच उठून जात. जळबाला त्याचं काही वाटत नसे. त्याची बायको जिवनबाई मात्र चुलीपुढून ओरडायची, "आवं, गिऱ्हाईक हाये ते, दुश्मन न्हाई!" तोवर गिऱ्हाइकानं मोटारसायकलला किक मारलेली असायची.

जळबाचं घर आणि कारखाना एकच. गोरेगावात सेनगावच्या जीपा जिथं भरतात, तिथून पुढं चारशे पावलांवर पत्र्याचं शेड. बाप संतराम याच जागी ओझ्याच्या गाड्या बनवायचा. वीस पोती ज्वारी भरा, वर घरची माणसं बसवा, ओढ्यात घाला, गाडी कुरकुरायची पण मोडायची नाही. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी ट्रॉल्या आल्या, आणि हंगामाला सहा गाड्या करणारा संतराम शेवटची आठ वर्षं खाटा आणि पोळपाट करत गेला. जळबाचा राग तेव्हापासूनचा असावा असं जिवनबाईचं म्हणणं. जळबाला विचाराल तर त्याला राग येतच नाही, तो खरं तेवढं बोलतो.

छकडी म्हणजे पटात पळायची गाडी. दोन चाकं, एक दांडी, पुढं जू आणि वर एका माणसाला उकिडवं बसता येईल एवढीच जागा. त्या माणसाला धुरकरी म्हणतात. पूर्वी धुरकऱ्याच्या हातात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी असायची, बैल टोचून पळवायचे. आता ते चालत नाही, आणि चालू नये हेच बरं. आता धुरकऱ्याकडं दोनच गोष्टी उरल्या, तोंडातली हाळी आणि अंगाचा तोल. बैल सुसाट सुटलेले, खाली ढेकळं, आणि हा गडी पायाखालच्या दोन ठोकळ्यांना रेटा देऊन त्या वेगावर बसलेला. तोल गेला तर पहिल्यांदा नंबर जातो आणि त्याच्यामागून हाडं.

म्हणून जळबाचं सरळ म्हणणं होतं. छकडी बैलांची नसते, मालकाची तर नसतेच नसते. वर बसतो त्याची असते. एवढी साधी गोष्ट, पण जिल्ह्यातल्या एकाही छकडीवाल्याला सुचली नव्हती. बाकीचे एका मापाच्या दहा ठोकून ठेवत. जळबा आधी धुरकऱ्याला बोलावून घ्यायचा, अंगणात काळ्या मातीचा चिखल तुडवायचा आणि त्या चिखलात त्याला पटात बसतात तसं उकिडवं बसवायचा. टाचा कुठं रुततात, अंगठे किती दाबतात, वजन डावीकडं पडतं की उजवीकडं, ते सगळं चिखलात उमटायचं. दोन दिवस तो ठसा वाळू द्यायचा आणि मग त्याच्यावरून बैठक घ्यायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांना जळबा काय म्हणायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि वजन! हलकी करायची म्हणजे लाकूड तासत सुटायचं, असं पुष्कळांना वाटतं. तसं करणाऱ्याच्या छकड्या पहिल्याच पटात मोडून बसतात. कुठलं लाकूड ओझं वाहतंय आणि कुठलं नुसतं बसून खातंय, हे आधी ओळखावं लागतं. त्यासाठी जळबा बोटाच्या पेरानं दांडी ठोकायचा आणि कान लावून बसायचा. कण्याला धावड्याचं लाकूड, आऱ्यांना जुनं सागवान, बैठकीला बांबू. एका छकडीला दीड महिना लागायचा, आणि त्यातला एक महिना काय काय काढून टाकायचं यातच जायचा. दुसऱ्यांच्या छकड्या पंचेचाळीस किलोच्या पुढं, याची तिशीत. किंमत मात्र त्यांच्या दीडपट. मग तो प्रश्न यायचाच.

यंदाच्या दिवाळीनंतर तो प्रश्न डोंगरकड्याहून आला, पांढऱ्या मोटारीत बसून.

मोटारीतून उतरले ते विजयकुमार, केळीचे मोठे बागायतदार. बरोबर पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी रीता, सुट्टीवर आलेली. आणि मागून मोटारसायकलवर धर्मसिंग राठोड, सेनगावच्या अलीकडच्या तांड्यावरचा धुरकरी. धर्मसिंगला जळबा वीस वर्षं ओळखत होता. अंगानं काटकुळा, बोलायला कमी आणि बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवला तर बैल शांत होईल असा माणूस. त्याच्या आजा-पणजानं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातलेला, तेव्हा ते रक्तातच असणार. वय त्रेचाळीस. बंदी येण्याआधीच्या शेवटच्या हंगामात कुणीतरी बनवलेल्या साठ किलोच्या धुडावरून तो पडला होता आणि चाक डाव्या नडगीवरून गेलं होतं. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला.

"जोडी नवी घेतली," विजयकुमार म्हणाले. "धर्मसिंगनंच तयार केली. संक्रांतीनंतर सिद्धेश्वर धरणाकडं मोठा पट हाये, तिथं उतरवायची. हा म्हणतो, छकडी मिस्तरीचीच पाहिजे."

"बसणार कोण?" जळबानं विचारलं.

"सध्या तर हाच." विजयकुमार हसले. "पण खरं सांगू का, समदे मालक आता विशीतली पोरं बसवून राहिले. मी याला बोललो बी, पहिल्या तिनात जोडी आण, मंग पुढचे हंगाम तूच. न्हाई आली तर मला बी दुसरं बघावं लागंल. आता लोक विचारतात ना, लंगडा माणूस काहून बसवता म्हणून."

हे ते धर्मसिंगच्या देखत बोलले. धर्मसिंग मोटारसायकलचा आरसा पुसत राहिला. जळबाला तिथंच राग आला, पण जिवनबाई दारात चहा घेऊन उभी होती आणि तिनं डोळे वटारले.

मग किंमत निघाली आणि तो प्रश्न आला. पण विजयकुमारांनी तो नव्या तऱ्हेनं विचारला. त्यांनी आपल्या पांढऱ्या मोटारीवर थाप मारली. "मिस्तरी, ही बघा. टॉप मॉडेल. वर काच उघडती, सीट गरम होतं, गार होतं, गाडी माणसासारखी बोलती. म्हणून पैसे जास्त दिले. याच गाडीचं बेस मॉडेल येतं, त्याच्यात काहीच नसतं, म्हणून ते स्वस्त. तुमची छकडी म्हणजे बेस मॉडेल झालं की! कठडा न्हाई, पाटी न्हाई, गादी न्हाई. समदं काढून टाकता अन् भाव टॉपचा लावता?"

जळबानं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात रीता म्हणाली, "पप्पा, तशा गाड्या असतात. परदेशात स्पोर्ट्स कार बनवतात ना, त्याच्यात मागची सीट काढतात, रेडिओ काढतात, काचासुद्धा पातळ लावतात. चालवणाऱ्याला गाडी हातात यावी म्हणून. आणि साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे घेतात."

"अन् लोक देतात?"

"रांगा लावतात."

विजयकुमारांनी मुलीकडं असं पाहिलं, जणू फी कुठं चालली ते त्यांना आज कळलं. जळबानं मात्र आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या पोरीला बसायला स्वतः पाट दिला. "कशानं हलकी करतात?" त्यानं विचारलं. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. आतून उघडंबोडकं पत्र्याचं अंग, एक आसन, एक चाक. जळबा बराच वेळ बघत राहिला. "शहाणी माणसं हायेत," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून ऐकून जिवनबाईच्या हातून चहा सांडता सांडता राहिला.

विजयकुमारांनी भाव मान्य केला. लेकीपुढं नाही म्हणवेना म्हणून केला, हे जळबाला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या दुपारी धर्मसिंग चिखलात बसला. डाव्या टाचेचा ठसा उमटलाच नाही, नुसती चवड्याची खूण. गाडीतही आखूड पायाची टाच ठोकळीपर्यंत पोचत नसणार, म्हणजे हा माणूस बंदी उठल्यापासून एका पायावर आणि दुसऱ्याच्या बोटांवर पळत्या गाडीत बसत होता. जळबा त्या ठशाकडं बघत उकिडवा बसला आणि त्याचं डोकं फिरलं. "पाय मोडून बारा-तेरा वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाईस?"

"कुनाला सांगू, मामा? लंगडा म्हणून उठवतील." धर्मसिंगनं पायाचा चिखल काडीनं खरवडला. "चालतंय माह्यं. तकलीफ न्हाई."

"गप! चालतंय म्हणे."

पौष लागेपर्यंत जळबानं दुसरं काम हातात घेतलं नाही. डावीकडची ठोकळी त्यानं उजवीपेक्षा दोन बोटं जाड ठेवली, तिच्या तोंडाला धर्मसिंगच्या टाचेएवढी खोलगट खाच घेतली आणि बैठक केसभर उजवीकडं सरकवली, म्हणजे तोल मधोमध पडावा. दांडी शेवटाकडं इतकी बारीक तासली की जिवनबाईनं विचारलं, "मोडंल का?" तो म्हणाला, "एवढ्या एकाच माणसाखाली मोडणार न्हाई." बाजारातल्या आडत दुकानाच्या काट्यावर छकडी ठेवली तेव्हा एकतीस किलो भरली. तिथले हमाल एका हातानं उचलून बघत होते आणि जळबा त्यांच्यावर ओरडत होता, पण ते ओरडणं त्या दिवशी जरा गोड होतं.

धर्मसिंग वर बसला. त्यानं दोन्ही टाचा ठोकळ्यांना लावल्या आणि हळूच रेटा दिला. मग उतरला आणि फिरून पुन्हा बसला. जाताना दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मामा, पटाला या तुमी." जळबा कधी पटाला जात नसे. आपण केलेली वस्तू लोक कशी वापरतात हे त्याला बघवत नसे. पण धर्मसिंगनं बोलावलं म्हणून तो हो म्हणाला.

पटाच्या दिवशी सकाळी जिवनबाईनं भाकरी-ठेचा बांधून दिला आणि बजावलं, "कुनाशी भांडू नगा. नुसतं बघून या." "मी काहून भांडीन?" जळबा म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

मैदान धरणाच्या अलीकडं, एका गावच्या पडीत रानात. हजारो माणसं, भोंगे, उसाच्या रसाच्या गाड्या, धूळ. विजयकुमारांचा मांडव मोठा होता आणि मांडवासमोर लिंबाखाली छकडी ठेवली होती. भोवती पोरं मोबाइल धरून उभी. जळबा लांबून बघून खूश झाला. जवळ गेला आणि जागच्या जागी थांबला.

छकडीला तिन्ही बाजूंनी चकचकीत स्टीलच्या पाइपचा कठडा होता. मागं पत्र्याची हातभर पाटी, तिच्यावर विजयकुमारांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव. बांबूच्या बैठकीवर लाल रेक्झिनची गादी. चाकांच्या आऱ्यांना रंगीत दिव्यांची पट्टी गुंडाळलेली, बॅटरी कण्याला बांधलेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर मोत्याखाली नाक दिसत नव्हतं. जळबानं दांडी उचलून पाहिली. पन्नासच्या खाली काही ती नव्हती. मग त्याची नजर पायाच्या ठोकळ्यांकडं गेली. डावी ठोकळी रंध्यानं तासून उजवीएवढी केली होती. खाच गेली होती. वरून लाल रंग दिला होता.

"कसं वाटलं मिस्तरी?" विजयकुमार पाहुण्यांतून उठून आले. त्यांचा चेहरा खरोखर आनंदी होता. "तालुक्याला फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घेतलं. आता झालं टॉप मॉडेल! हौसेला मोल नसतं." मग त्यांनी जळबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज हळू केला. "अन् ती एक ठोकळी तुमच्या हातून चुकून जाड राहिली होती. ती बी बराबर करून घेतली. मी कुनाला बोललो न्हाई हां. वय झाल्यावर होतं असं. तुमचं नाव खराब व्हायला नको."

माणसानं शिवी दिली असती तर जळबा पचवून गेला असता. पण ही दया! दीड महिना ज्या दोन बोटांसाठी घातला त्यांना चूक म्हणायचं, रंधा मारून ती बुजवायची आणि वर आपणच झाकली म्हणून उपकार ठेवायचे. जळबाचे कान तापले.

"चूक?" तो एवढ्या मोठ्यानं बोलला की पोरांनी मोबाइल त्याच्याकडं वळवले. "चूक? त्याचा पाय बघितला का तुमी कधी? तुमच्या पैशानं पळतो तो माणूस, त्याचा पाय किती आखूड हाये म्हाईत हाये तुमाला? ती ठोकळी त्याच्या पायाची हाये! ती तासली म्हंजी तुमी त्याचा पाय तासला!"

"मिस्तरी, लोक बघून राहिले."

"बघू द्या! हे समदं काढा. पाइप काढा, पाटी काढा, मला एक तास द्या."

"एक तास कुठला? तिसरी फेरी चालू हाये, आपला नंबर येईल आता." विजयकुमारांचाही आवाज चढला. "अन् पाटी काहून काढायची? जोडी माही, गाडी माही, पैसे मोजून घेतलेली. नाव बी लावू नको का?"

"याच्यावर धर्मसिंग बसणार न्हाई."

"कोन बसणार ते मी ठरवणार. त्याला नसंल बसायचं तर पोरं लई हायेत." विजयकुमारांना तेवढ्यात कुणी पुढारी आल्याचं सांगत माणूस बोलवायला आला आणि ते हार घेऊन तिकडं गेले.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मसिंग लांब नव्हता. मांडवाच्या मागं टाकीवर तो बैलांना पाणी पाजत होता. तिथून जोरात हाक मारली असती तर त्यानं ओ दिली असती. जळबाला हे माहीत होतं, येताना त्यानं त्याची पाठ पाहिली होती. पण राग आला की माणसाला आपल्याशिवाय दुसरं कुणी दिसत नाही, आणि जळबाला तर आयुष्यभर दिसलं नव्हतं.

मांडवाच्या खांबाला करवत टेकवून ठेवली होती, मांडववाल्यांची, बल्ल्या कापायची. जळबानं ती उचलली. बघणाऱ्यांना वाटलं, मिस्तरी शेवटचा हात फिरवून राहिला. त्यानं दांडीवर गुडघा दाबला, बोटाच्या पेरानं एकदा ठोकून बघितलं आणि जिथं ती सगळ्यात बारीक होती तिथं करवत लावली. ती जागा त्याच्याइतकी कुणाला माहीत असणार? दहा-बारा हात मारले आणि दांडी कापली गेली. छकडी पाठीवर पडली, पाटी मातीत गेली आणि कुणाची तरी किंचाळी निघाली.

मग जे व्हायचं ते झालं. माणसं धावली. विजयकुमार हार टाकून आले आणि तोंडाला येईल ते बोलले, पोलीस म्हणाले, कोर्ट म्हणाले, म्हातारचळ म्हणाले. जळबा करवत धरून उभा होता आणि त्याला बरं वाटत होतं. खरं लपवून काय करायचं, त्याला फार बरं वाटत होतं. "पैसे घेऊन जा परत," तो ओरडला. "बापानं वीस पोत्यांच्या गाड्या केल्या, एकही मानूस मारला न्हाई. माह्या छकडीवर मी कुनाला मरू देणार न्हाई!" गर्दीतून दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. जळबाच्या छातीत हवा भरली.

गर्दी बाजूला सरली आणि धर्मसिंग पुढं आला. एका हातात दोरीचा तुकडा होता. दुसऱ्या हातात टायरच्या रबराचा एक चौकोन, दोन बोटं जाड, कडा चाकूनं गोल केलेल्या, आणि मधोमध टाचेएवढी खाच. तो रबरी तुकडा वापरून घासलेला दिसत होता.

त्यानं पडलेल्या छकडीकडं पाहिलं. खाली बसून दांडीचं कापलेलं टोक उचललं आणि अंगठा फिरवला.

"हे काय?" जळबानं रबराकडं बोट दाखवलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"डाव्या ठोकळीला बांधायचं." धर्मसिंग वर न बघता बोलला. "चार दिसाखाली गाडी आली तवाच बघितलं मी. टायर कापून घेतलं. चार दिवस याच्यावरच पळवून राहिलो जोडी. बराबर बसत होतं."

"अन् तो कठडा? पन्नास किलोचं धूड झालं होतं तिचं!"

"पाइपाचे नट ढिले करून ठेवले होते म्या. नंबर पुकारला की काढून फेकणार होतो. पाटी बी. मालक तवा पुढं झेंड्यापाशी असतात, त्यायला दिसलं नसतं." तो उठला. डाव्या पायावर जरासा झुकून, नेहमी उभा राहतो तसा. "जोडी आज पहिली आली असती, मामा. पहिल्या तिनात न्हाई. पहिली."

जळबाच्या हातातली करवत जड झाली. "तुझा जीव गेला असता," तो म्हणाला. पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. चार दिवस याच गाडीवर हा माणूस पळाला होता आणि समोर धडधाकट उभा होता.

"माहा जीव हाये ना?" धर्मसिंगचा आवाज वाढला. वीस वर्षांत जळबानं तो वाढलेला ऐकला नव्हता. "मंग मला इचारा की! मालक म्हणतो गाडी माही. तुमी म्हणता गाडी तुह्यासाठी केली. त्यायनं ठोकळी तासली तवा मला इचारलं न्हाई. तुमी दांडी कापली तवा तुमी बी इचारलं न्हाई. मी तिथं पाणी पाजून राहिलो होतो, मामा. तिथं! माह्या नावानं भांडता अन् मलाच बोलवत न्हाई कोणी? तुमच्यात अन् त्यायच्यात फरक काय मंग?"

टाळ्या वाजवणारे आता इकडंतिकडं बघायला लागले. पण जळबाला विजयकुमारांचं आता काही नव्हतं. इतकी वर्षं जो राग बापासाठी, लाकडासाठी, गिऱ्हाइकांच्या अकलेसाठी जपून ठेवला होता, तो त्याच्या स्वतःच्या अंगावर येऊन बसला होता, आणि तो झटकायला दुसरं कुणी समोर नव्हतं. या माणसाचा पाय त्यानं चिखलात मोजला. टाच मोजली, अंगठा मोजला. पण हा आपलं आपण काही करू शकेल, हे एकदाही त्याच्या मापात आलं नव्हतं.

भोंग्यावर पुकार झाली. विजयकुमारांचं नाव, डोंगरकड्याची जोडी, नंबर अमुक. धुरकऱ्याचं नाव पुकारत नाहीत. थोडं थांबून दुसऱ्यांदा पुकारलं. झेंड्यापाशी उभ्या असलेल्या पंचांनी हात वर करून विचारलं. टाकीवर बांधलेल्या बैलांनी आवाज ओळखून कान टवकारले आणि कासरा ओढायला लागले, त्यांना काय माहीत.

जळबानं करवत खांबाला लावली. मग जे दिवाळीनंतर चिखलाच्या काठावर विचारायचं होतं, जे आज इथं आल्या आल्या विचारायचं होतं, ते त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही.

"तुला बसायचं होतं का रं?"

"व्हय," धर्मसिंग म्हणाला.

तिसऱ्यांदा पुकारून झालं. पंचांनी कागदावर काट मारली आणि भोंग्यावाल्यानं पुढच्या जोडीच्या मालकाचं नाव घेतलं.